ऑर्व्हलचं मलम

सीडर फोर्क, गुरुवार

प्रिय नडीन,

पाकीट उघडताच कुजक्या अंड्यांचा भपकारा आला तर टपालवाल्याच्या नावाने बोटं मोडू नकोस. तो वास माझ्या हातांचा आहे. परवापासून किती वेळा साबण लावला, लिंबू चोळलं, मीठ चोळलं, नखांत जुना टूथब्रश घालून घासलं, पण वास काही जात नाही. कसला वास ते तुला सांगायला नको. तुझ्याही हातांना आयुष्यभर तोच होता.

फोन मुद्दाम करत नाहीये. तुझी लेक फोन स्पीकरवर ठेवते आणि मागच्या खोलीत तुझ्या ऑर्व्हलला सगळं ऐकू जातं. शिवाय फोनवर मी रडायला लागले की तू पण लागतेस आणि मग कुणालाच काही कळत नाही. ख्रिसमसला तू म्हणालीस ते माझ्या डोक्यातून गेलेलं नाही. ऑर्व्हल मागच्या खोलीतून बाहेर येत नाही, चारचौघांत चमचा धरत नाही, आणि नातवंडांनी हाताला काय झालं विचारलं की शांतपणे सांगतो, ‘आजोबांनी निष्काळजीपणा केला.’ ऑर्व्हलने निष्काळजीपणा! दाराची कडी लावून परत जाऊन हलवून बघणारा माणूस तो. ते ऐकलं त्या रात्री मी जेवले नव्हते. आता जे लिहिणार आहे ते त्या एका वाक्यासाठीच आहे, पण मला क्रमाने लिहू दे, नाहीतर नुसत्या शिव्या लिहून मोकळी होईन.

पस्तीस वर्षं मी त्या रिव्हॉल्व्हरची घाण काढली, नडीन. लग्नात आईने दिलेला निळा टब मी बाळांना आंघोळ घालायला म्हणून आणला होता. त्यात बाळांपेक्षा जास्त वेळा हॉलिसचं पिस्तूल न्हायलंय. बंदुकीची काळी दारू उडवली की त्याच रात्री गरम साबणाच्या पाण्यात धुवायचं, नाहीतर सकाळपर्यंत गंज चढतो, हे मला त्याने लग्नाच्या पहिल्या महिन्यात शिकवलं. नवरे काय काय शिकवतात, मला हे. काळं पाणी, त्यात शिशाची कचकच, वर तरंगणारी डुकराची चरबी. आणि धुऊन झालं की वाळवायला कुठे ठेवायचं? माझ्या ओव्हनमध्ये! आठवतंय ना, चर्चच्या जेवणाला मी सहा ॲपल पाय घेऊन गेले होते आणि पाद्रीबाईंनी पहिला घास तोंडात घेऊन तसाच रुमालात काढला? सगळे म्हणाले, व्हर्लीनची अंडी नासकी होती. हॉलिस समोर बसून हसत होता. तू तेवढी टेबलाखालून माझा हात धरून बसलीस, कारण तुझाही ओव्हन तसाच बाटलेला होता.

आणि ते पिस्तूल तरी कुणाचं? इटलीतल्या कारखान्यातून खोक्यात बसून आलेलं, भुश्यात गुंडाळलेलं. हॉलिसने महिनाभर गोठ्यात बसून कानशीने त्याच्यावरचा कारखान्याचा शिक्का घासून काढला. मग व्हिनेगरमध्ये भिजवून भिजवून त्याला म्हातारं केलं. पुढच्या सप्टेंबरात शाळेच्या पोरांना सांगत होता, ‘हे माझ्या पणजोबांनी यादवी युद्धात कमरेला लावलेलं.’ त्याचे पणजोबा खेचरं विकायचे, आणि युद्धात दोन्ही बाजूंना विकायचे! तेव्हा मी हसले होते. आता वाटतं, ज्याला शिक्का इतक्या सफाईने पुसता येतो त्याला आणखी काय काय पुसता येत असेल, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं.

आपल्या दोघींना त्या सगळ्या उद्योगात एकच गोष्ट आवडायची, ती म्हणजे तुझ्या स्वयंपाकघरातला मलमाचा दिवस. डुकराची चरबी, मधमाशीचं मेण, थोडी मेंढीची चरबी. वास असा की तुझं मांजर घर सोडून जायचं. तरी ऑर्व्हल एखाद्या लग्नाचा हलवा ढवळावा तसा ते पातेलं ढवळायचा आणि बूटपॉलिशच्या डब्यांत भरायचा. दर सप्टेंबरात यादवी युद्धाची खोटी लढाई खेळणाऱ्या आपल्या नवऱ्यांच्या पलटणीतल्या प्रत्येकाच्या खिशात त्याचा डबा असायचा. पिस्तुलाच्या चक्रीत दारू ठासायची सहा घरं, त्यातल्या एका घरातली ठिणगी शेजारच्या घरात शिरली की सगळी घरं एकदम उडतात आणि हात फाटतो, म्हणून प्रत्येक घराच्या तोंडावर मलम. हे त्या सगळ्या शूरवीरांना शिकवलं कुणी? ऑर्व्हलने. मैदानावर जाण्याआधी तो रांगेतून फिरायचा आणि कुणी कंटाळा केलेला दिसला की स्वतःच्या अंगठ्याने मलम थापायचा. ‘अरे, तोंड बंद कर त्याचं, नाहीतर तुझं बंद होईल!’

आणि हॉलिसच्या दोन चक्र्यांवरून दोघांचं किती वाजायचं ते तुला आठवत असेल. सगळ्यांकडे सहा घरांची एकच चक्री असते, पण आमच्या साहेबांना दोन हव्यात. एक शिशाच्या गोळ्या घालून निशाणबाजीला, दुसरी लढाईच्या खेळासाठी, जिच्यात गोळीच्या जागी रवा ठासायचा. न्याहारीला आपण शिजवतो तोच. माझा चांगला रवा दारूवर ठासून उडवायचे आणि संध्याकाळी म्हणायचे, आज लापशी नाही का? दोन्ही चक्र्या एकाच डब्यात. ऑर्व्हल आमच्या जेवणाच्या टेबलाशी उभा राहून म्हणाला होता, मी पोळा भाजत होते, मी कानांनी ऐकलंय: ‘हॉलिस, गाढवा, वेगळ्या ठेव. वरून दोन्हीवर माझंच मलम. खाली रवा आहे की शिसं, देवालाही दिसायचं नाही.’ हॉलिस म्हणाला, ‘तपासणारा कोण आहे? मीच ना? मग झालं तर.’ आणि दोघं हसले. तपासणीचा अधिकारी हॉलिस. मैदानावर उतरण्याआधी प्रत्येकाच्या घरांत काडी खुपसून खाली रवा आहे ना ते बघायचं काम त्याचं. त्याच्या घरांत काडी कोण खुपसणार?

सप्टेंबरातला तो शनिवार तुला मी काय सांगू. आपण दोघी पायच्या ठेल्यावर होतो. तू एका बाईला सुटे पैसे देत होतीस. धूर इतका होता की ऑर्व्हलच्या बाजूचे निळे कोण आणि हॉलिसच्या बाजूचे करडे कोण काही दिसत नव्हतं. ऑर्व्हलने एकदा बार काढला आणि मग पिस्तूल उंच धरून ओरडला, दरवर्षी ओरडायचा तसा, ‘पुढे व्हा रे, आळशांनो!’ आणि खाली बसला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. त्यांना वाटलं, काय झकास मेला! तुझ्या हातातली नाणी मातीत पडली, कारण तो खेळात कधी मरायचा नाही, गुडघे दुखतात म्हणून. आपण पोचलो तेव्हा हॉलिस आधीच तिथे होता, ऑर्व्हलचं पिस्तूल स्वतःच्या कोटात कोंबत होता आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडत होता, ‘उरलेली चारी घरं एकदम उडाली! मलम नीट लावलं नव्हतं याने!’ ऑर्व्हल पांढराफटक पडलेला, दोन बोटं गेलेली, आणि तो काय म्हणत होता? ‘लावलं होतं रे. लावलं होतं ना मी?’ हॉलिसला विचारत होता. हॉलिसला!

डॉक्टरांना जे सांगितलं ते त्यांनी मान्य केलं. हाताच्या चिंध्या झाल्या होत्या, त्यात बघण्यासारखं काही उरलं नव्हतं. पुढच्या आठवड्यात पलटणीच्या सभागृहाबाहेरच्या कचऱ्याच्या पिंपात मी ते डबे बघितले. ऑर्व्हलच्या मलमाचे, अर्धे भरलेले, एकावर एक टाकलेले. वीस वर्षं ज्याचं मलम बोटाने चाटूनपुसून वापरलं, त्याचे डबे फेकून सगळे मलमाऐवजी दुकानातलं वनस्पती तूप घेऊन आले. आणि बोलणं तरी काय! ‘म्हातारा झाला होता.’ ‘हात थरथरायचे म्हणे.’ ‘दुसऱ्याला शिकवायचा आणि स्वतः विसरला.’ ज्यांच्या चक्र्यांवर त्याने स्वतःच्या अंगठ्याने मलम थापलं, तेच हे बोलत होते. तुम्ही घर विकून लेकीकडे गेलात त्या दिवशी एकही जण सामान उचलायला आला नाही. इज्जत, शपथ, निशाण, यावर तासतासभर भाषणं ठोकणारी माणसं! मला तेव्हाच ओकारी आली होती, पण तेव्हा मला वाटत होतं की ही फक्त त्यांच्या मूर्खपणाची आहे.

हॉलिसने त्या दिवसापासून पिस्तूल हातात घेतलं नाही. मला वाटलं, मित्राचं दुःख. मी त्याला सूप करून घालत होते, नडीन. रात्री उठून बसायचा तर पाठीवरून हात फिरवत होते. तुम्ही निघालात तेव्हा ऑर्व्हल त्याला म्हणाला होता, ‘माझं ते पिस्तूल नदीत फेक, मला परत बघायचं नाही,’ आणि हॉलिसने सांगितलं, फेकलं. मी पण तेच धरून चालले होते.

परवा मी तळघरात मुरांब्याच्या बरण्या काढायला गेले. कोंबड्यांच्या दाण्याच्या जुन्या पोत्याखाली फडक्यात गुंडाळलेलं काहीतरी पायाला लागलं. उघडलं तर ऑर्व्हलचं पिस्तूल. अगं, न धुतलेलं! माझ्या नवऱ्याच्या घरात, न धुतलेलं! एक बार काढला तरी बायकोला झोपेतून उठवून पाणी तापवायला लावणारा माणूस, त्याने सात महिने हे असं ठेवलं? नळीला आतून गंजाचे फोड आले होते. मला काही कळेना, पण पस्तीस वर्षांची खोड, मी वर आणलं, पाणी तापवलं, निळा टब काढला, नळी सोडवून पाण्यात बुडवली. भप्पकन तो वास आला. मग चक्री हातात घेतली आणि तशीच उभी राहिले.

त्यातलं एक घर उडालेलं, काळं, गंजलेलं. भरताना हातोडीखाली येतं ते एक रिकामं, नेहमी ठेवतात तसं. आणि बाकी चार भरलेली. चारी भरलेली, नडीन! जी एकदम उडाली म्हणून हॉलिस मैदानभर ओरडला तीच ही चार घरं. मी डोक्यातली पिन काढून एका घरातलं मलम बाजूला केलं. खाली रवा, पांढरा, कोरडा, जसा ठासला तसा. ऑर्व्हलच्या हातात काहीही फुटलं नव्हतं. मग त्याची बोटं कशाने गेली? मी ओल्या हातांनी हॉलिसचा डबा उघडला. रव्याची चक्री, जिच्यावर त्याने खूण म्हणून खाच पाडलीय, ती गच्च भरलेली होती, एकही घर न उडालेली. आणि शिशाची चक्री धुऊनपुसून तेल लावून लखलखीत ठेवलेली. ती त्याने माझ्या टबात न धुता गुपचूप गोठ्यातल्या बादलीत धुतली असणार. म्हणजे त्या शनिवारी हॉलिसने उडवली ती शिशाची.

तो जेवायला आला तेव्हा दोन्ही चक्र्या त्याच्या ताटात ठेवल्या होत्या. दुसरं काही वाढलं नव्हतं. त्याने बघितलं, टोपी काढली आणि खुर्चीवर बसला. मी विचारलं, ‘तुला कधी कळलं?’ म्हणाला, ‘गोळी सुटली तेव्हाच. गोळीचा धक्का हाताला वेगळा बसतो.’ म्हणजे ऑर्व्हल खाली बसायच्या आधी. म्हणजे तो धावत गेला तो मित्राला उचलायला नाही, त्याचं पिस्तूल लपवायला. नियम आहे समोरच्याच्या डोक्यावरून मारायचा, तेवढा एक त्याने पाळला आणि ऑर्व्हलने हात वर केला होता, म्हणून बोटांवर निभावलं. नाहीतर आज तू विधवा असतीस आणि तुझ्या नवऱ्याच्या शवपेटीला खांदा हॉलिसने दिला असता, रडत रडत.

मी म्हटलं, ‘मग नदीत का नाही फेकलंस? धुतलंस तरी का नाही?’ तो म्हणाला, ‘हात लावायला जायचो आणि हातच पुढे व्हायचा नाही, व्हर्लीन.’ खरं सांगते, तिथे क्षणभर माझं मन द्रवलं. म्हातारा माणूस, चूक झाली, चूक कुणाची होत नाही? डब्यातून चुकीची चक्री उचलली, एवढंच. त्या चुकीला मी माफ केलं असतं, तूही केलं असतंस, आणि ऑर्व्हलने तर दवाखान्याच्या खाटेवरूनच केलं असतं. पण मग तो म्हणाला, ‘पुढच्या शनिवारचं जेवण तेवढं होऊन जाऊ दे गं. मग बघू.’

पुढच्या शनिवारचं जेवण काय आहे, तुला माहीत नसेल. पलटण हॉलिसला मानाचा फलक देणार आहे. पितळी, वर नाव कोरलेलं. इतकी वर्षं मैदानावरच्या सुरक्षेची काळजी वाहिल्याबद्दल! आणि भाषणात ते ऑर्व्हलचं उदाहरण देणार आहेत, काय करू नये म्हणून. हे हॉलिसला महिन्यापासून ठाऊक होतं. त्याने त्यासाठी नवा करडा कोट शिवायला टाकलाय. माप घ्यायला दोनदा जाऊन आला! मी त्याला म्हटलं, ‘तुला लाज नाही वाटत?’ तर म्हणतो, ‘ऑर्व्हलचा हात काय परत येणार आहे का? तो आता तिकडे सुखात आहे.’ सुखात! मागच्या खोलीत, डाव्या हाताने चमचा धरून, नातवंडांना स्वतःचा गुन्हा सांगत! मी उठले आणि सिंकमध्ये ओकले. आलंकारिक नाही, खरोखर ओकले. त्या रात्रीपासून मी शिवणाच्या खोलीत आतून कडी लावून झोपते. तो दाराबाहेर येऊन उभा राहतो, हाक मारतो, मी ओ देत नाही. पस्तीस वर्षं ज्याचे शर्ट धुतले त्याचा शर्ट आता चिमट्याने उचलावासा वाटतो. किळस येते, नडीन, दुसरा शब्द नाही मला.

मी त्या जेवणाला जाणार आहे. ऑर्व्हलची चक्री सगळ्यांच्या ताटांमधून फिरवणार आहे, मटणाच्या रश्श्याआधी. ती घरं काय आहेत ते त्यांना कळायला माझं भाषण लागायचं नाही, त्यांना पिस्तूलं कळतात, फक्त माणसं कळत नाहीत. पण त्या कुणालाही कळायच्या आधी ते ऑर्व्हलला कळलं पाहिजे, आणि माझ्याकडून नाही, तुझ्याकडून, म्हणून हे पत्र. तो ज्याला भाऊ म्हणायचा त्याचं हे ऐकून त्याच्या मनाचं काय होईल ते तू जाणतेस. त्याला कसं सांगायचं, आधी जेवू घालून की आधी हे वाचून, ते तू ठरव. रविवारी दुपारी मी गाडी घेऊन तुझ्या दारात येतेय. आलीस कशाला म्हणालीस तर अंगणातूनच परत जाईन, पण चक्री एकदा त्याच्या हातात देऊनच; शनिवारी फिरवायला ती परत घेऊन जाईन. ती मी धुतलेली नाही. जे एक घर पिनेने उकरलं तेवढं सोडून तिला हात लावलेला नाही. त्याला म्हणावं, उजेडात धर आणि उरलेल्या तीन घरांकडे बघ. मलम सात महिन्यांनीही तसंच काठोकाठ बसलंय, आणि त्यावर तुझ्या अंगठ्याच्या रेघा अजून दिसतायत. तू लावलं होतंस, ऑर्व्हल. नीट लावलं होतंस.

अजून तुझी म्हणवून घ्यायची सोय उरली असेल तर,

तुझीच
व्हर्लीन